देवाची काडेपेटी

माझी डावी भुवई उजवीपेक्षा विरळ आहे. मागच्या लग्नसराईत नात पेन्सिल घेऊन माझ्या मागे लागली, "आजी, हलू नको, भरून देते." म्हटलं, राहू दे बाई, ती मी स्वतःच्या अकलेनं कमावलेली आहे. कशी, म्हणून तिनं विचारलं, तर सांगितलं, खंडेनवमीला उडाली. तिला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी फेकते आहे. म्हणून लिहून ठेवते. तोंडी सांगितलेलं पोरं हसण्यावारी नेतात, कागदावरच्याला निदान एकदा वाचून मग हसतात.

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं; सासर जळगावात. त्या वयात मी स्वतःला फार हुशार समजत असे. आताही समजते, पण आता खोडून काढणारे बरेचसे गेले.

एमआयडीसीत कोळसा दळायच्या एका कारखान्यात मी पोती भरायला होते. लोक विचारायचे, कोळसा काय दळायचा, भाकरी थापता का त्याची? तर बिडाच्या वस्तू ओतणारे कारखाने असतात, ते साच्याच्या वाळूत ही कोळशाची भुकटी मिसळतात, म्हणजे ओतलेला माल गुळगुळीत निघतो. ट्रकनं खडे यायचे, चक्कीत दळले जायचे, आणि पंख्याच्या ओढीनं भुकटी पाइपातून वर चढून एका मोठ्या लोखंडी पेटीत जायची. पेटीत कापडी पिशव्या टांगलेल्या. हवा कापडातून गाळून बाहेर, भुकटी खाली. आणि खाली आम्ही बायका, पोत्यांची तोंडं धरून.

संध्याकाळी सुटलो की आम्ही आठही जणी एकाच आईच्या लेकी दिसायचो. सासूनं माझ्यासाठी वेगळी बादली, वेगळा टॉवेल आणि वेगळा पाट काढून ठेवला होता. मी दारात आले की आधी विचारायची, "कोण ते?" पंधरा वर्षं रोज विचारलं. मला वाटतं, तिला त्यात मजा यायची.

चक्की चालवायला आबा होते. धुळ्याकडचे, साठीला टेकलेले, तोंडात तंबाखूची चिमूट आणि तोंडभर अहिराणी. चक्कीला ते दुभत्या म्हशीसारखं सांभाळत. तिला पोट होतं, तिला ताप यायचा, तिचा श्वास कोंडायचा. रोज सकाळी कारखान्यात आले की देवाला नंतर, आधी चक्कीच्या अंगाला पालथा हात लावायचे. तळहात नाही, पालथा. म्हणायचे, तळहात कामाचा माणूस आहे, त्याला ऊन काय नि गार काय. हाताच्या पाठीला खरं कळतं.

त्यांचा एक नियम कारखान्यातल्या कुत्र्यालासुद्धा पाठ होता. चक्की बंद करायची असेल तर आधी खडे टाकणं थांबवायचं, पोटातलं सगळं दळून बाहेर येऊ द्यायचं, ती रिकामी घरघर करायला लागली की मगच लाल बटण. पोटात भुकटी ठेवून झोपवली तर ती आतल्या आत कुढत तापते. वरून पाहाल तर गार लोखंड, आत धुमी.

आणि काडेपेटी आत न्यायची नाही. गेटवर पत्र्याचा डबा होता, त्यात बिडीवाल्यांच्या सगळ्या काडेपेट्या जमा. गेटवरचा वॉचमन एरवी डुलक्या घ्यायचा, पण काडेपेटीच्या बाबतीत शेठच्या पाहुण्यांचेही खिसे चाचपायचा. फक्त वर्षातून एकदा, खंडेनवमीला, शेठाणी पूजेचं तबक घेऊन आल्या की तबकातली काडेपेटी कोणाच्याही नजरेला न पडता आत जायची. माणसाची काडेपेटी गेटवर, देवाची आत. पाच वातींची आरती, वर कापूर, आणि समोर कोळशाची चक्की. आबांनी दरवर्षी विरोध केला आणि दरवर्षी देव जिंकला. तेव्हा त्यांनी तोडगा काढला होता. आदल्या दिवशी चक्की रिकामी करायची, जमिनीवर पाणी मारून ओली गोणपाटं अंथरायची, मग काय ओवाळायचं ते ओवाळा. पूजा झाली की शकुन म्हणून हिरवं बटण दाबून चक्की दोन मिनिटं फिरवायची, पेढे वाटायचे, घरी.

त्या वर्षी आबांना अष्टमीचा होम करायला गावी जायचं होतं. खंडेनवमीला सकाळी पहिल्या एसटीनं परत. आबा गेल्यावर शेठ मला म्हणाले, "यंदा जावईबापू येणार आहेत पूजेला. शेड आरशासारखी लखलखली पाहिजे. पूजा नीट पार पडली तर दिवाळीपासून बायकांची मुकादम तू."

मुकादमाला खुर्ची होती. प्लास्टिकची, एक पाय फुटलेला, पण खुर्ची. बाकी आम्ही सगळ्या पोत्यांवर बसायचो. त्या खुर्चीसाठी मी काय काय केलं, ते आता सांगते. नातीनं हे वाचू नये असं मला वाटतं, पण ती वाचणार.

अष्टमीला सकाळपासून मी शेड घासायला घेतली. खाली झाडून झालं, पण वर पाहिलं तर छपराच्या लोखंडी कैच्यांवर आणि पाइपांवर बोट बोट भुकटीचा थर. झाडू पोचेना. मग मला सुचलं. घरी दिवाळीच्या आधी आपण फडक्यानं झटकून जाळी-जळमटं पाडतो ना? इथे तर हवेच्या दाबाची नळी होती, पिशव्या साफ करायची. मी शिडीवर चढले, पदर खोचला आणि नळी वर धरली. काय सांगू तो देखावा! वर्षानुवर्षांची भुकटी एका फुंकेत हवेत. शेडमध्ये भर दुपारी अंधार झाला. खाली यावलची एक अक्का होती, आमच्यात सगळ्यांत मोठी, ती खोकत ओरडली, "अवं बाई, सूर्य कुठी लपवला तू?" मी वरून ऐटीत म्हटलं, "थांब जरा, सगळं खाली बसू दे, मग पाहा."

दोन तासांनी खाली बसलं. वरची भुकटी खाली आली, खालची वर गेली आणि मधली आमच्या नाकात. कैच्या मात्र चमकल्या. त्या दोन तासांत कोणी नुसती ठिणगी पाडली असती तर ही गोष्ट दुसऱ्याच कोणी लिहिली असती, आणि तीही दूरच्या कोणी, जवळच्या नव्हे.

शिडीवर होतेच, तर आणखी एक शहाणपण केलं. पिशव्यांच्या पेटीच्या माथ्यावर एक पत्रा होता. बाकी पेटी जाड लोखंडाची आणि हा एकच पत्रा पातळ, चार-दोन नाजूक खिळ्यांवर टेकवलेला. वारा आला की खडखड वाजायचा. मला तो वर्षभर डोळ्यांत सलायचा. वाटायचं, पेटी बनवणाऱ्यानं शेठला फसवलं, शेवटी पत्रा संपला असेल. जावईबापूंच्या समोर खडखड नको, म्हणून मी सेंट्रिंगची तार आणली आणि तो पत्रा चारी बाजूंनी असा करकचून बांधला की केळीच्या घडालासुद्धा कोणी इतका आवळणार नाही. खाली उतरून स्वतःवरच खूश झाले.

आता राहिली चक्की. ती रिकामी करायची तर आणखी अर्धा तास चालवावी लागणार, म्हणजे खालच्या तोंडातून पुन्हा भुकटी उडणार आणि माझी आरशासारखी शेड पुन्हा तवा होणार. मी विचार केला, पोटात असेल थोडं, राहू दे, एका रात्रीनं काय होतंय? लाल बटण दाबलं. जमीन नुकतीच कोरडी झाडली होती, तिच्यावर पाणी मारलं तर काळा चिखल होतो, म्हणून ओली गोणपाटंही नाही अंथरली. त्याऐवजी दारात रांगोळी काढली. मोराची.

संध्याकाळी ऑफिसात फोन वाजला. आबा गावातल्या बूथवरून बोलत होते.

"पोट रिकामं कयं ना व माय?"

"हो आबा."

"गोणपाट?"

"हो हो."

"बरं शे मंग," म्हणाले आणि ठेवला. मी फोन ठेवला तेव्हा मला काही म्हणजे काही वाटलं नाही, हे कबूल करते. मी खुर्चीच्या फुटक्या पायाला कोणती तार बांधावी याचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठाणी आल्या, जावई आले, झेंडूच्या माळा आल्या, देवाची काडेपेटी वॉचमनच्या नाकासमोरून आत आली. आबाही आले, स्टँडवरून थेट, हातात पिशवी. दारात माझी रांगोळी पाहून म्हणाले, "मोर काढा का कोंबडी?" आणि नळावर पाय धुवायला गेले.

चक्कीला हळद-कुंकू लावायचा मान मला दिला होता, होऊ घातलेली मुकादम म्हणून. मी हळदीचं बोट टेकवलं आणि दचकले. चक्की ऊन होती. आदल्या दुपारपासून बंद, रात्रभर थंडावलेली शेड, आणि ती ऊन. ज्वारीची भाकरी टोपलीत घालून झाकून ठेवली की तासाभरानं असते तशी.

आता शहाण्या बाईनं काय समजावं? मी समजले, देवी आली. खरं सांगते. नऊ दिवसांचे उपास, डोक्यात धूप, अंगावर नवी साडी. मला वाटलं, बाई, पूजा पावली, यंत्रात ऊब आली. मी शेठाणींना हळूच म्हटलं, "वहिनी, हात लावून पाहा." त्यांनी लावला. त्यांचे डोळे पाणावले. "अगंबाई, जागृत आहे!" असं म्हणून त्यांनी कापूर पेटवला, आणि आम्ही दोघींनी त्या धुमसणाऱ्या कोळशाला मनोभावे नमस्कार केला.

घंटा वाजायला लागली. आबा पाय धुऊन आले ते गर्दीच्या मागेच राहिले; पालथा हात लावायला त्यांना वाट मिळाली नाही, आणि एवढ्या पायांत गोणपाटं नाहीत हेही दिसलं नाही. आरती म्हणता म्हणता माझं बोट नाकाशी गेलं. हळदीच्या वासाखाली दुसरा वास होता. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळात वांगं भाजताना येतो तसा, जरा कडवट. भरताचं वांगं किती वेळा भाजलं असेन मी! जाळातून काढून ताटलीत ठेवलं की कसं गप्प पडतं. वरून काळं, सुरकुतलेलं, जीव गेल्यासारखं. आणि साल सोलायला बोट घातलं की आतली वाफ बोट पोळते. देवी-बिवी काही नव्हती. आत वांगं भाजत होतं, आणि ते मीच ठेवलं होतं.

तेवढ्यात आरती संपली. शेठ म्हणाले, "आबा, तुम्ही सगळ्यांत वडील. शकुनाचं बटण तुम्ही दाबा."

आबा पंच्यात हात पुसत बटणांच्या पेटीकडे निघाले. चक्कीपासून सहा पावलांवर ती पेटी. जावईबापूंनी विचारलं, इतकी आग पेटवलीय, धोका नाही ना? आबा हसून म्हणाले, "पोट रिकामं शे. आनि समजा काही व्हयनंच, तं वर दार शे." त्यांनी बोट वर केलं, माझ्या पत्र्याकडे. "आतमां भडका व्हयना तं तो पत्रा उडी जास. त्याकरता त्याले मुद्दाम कमजोर ठेयेल शे. जाळ वर जास, मानूस वाची जास."

मी वर पाहिलं. तार चकाकत होती. मी चार पदरी पीळ दिला होता.

पंखा सुरू झाला की वारा त्या धुमीला फुंकर घालणार, भुकटी पाइपात उडणार, जाळ पेटीत जाणार, आणि वरचं दार मी बांधून ठेवलेलं. मग तो जाळ कुठून निघणार? जिथून वाट मिळेल तिथून. सहा पावलांवर आबा.

हे सगळं मला एका क्षणात कळलं असं लिहायला मला आवडेल. पण मधल्या क्षणात आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात आली, आणि तिची मला अजून लाज वाटते. ती म्हणजे खुर्ची. बोलले तर खुर्ची गेली. आणि कदाचित काही होणारही नाही, कदाचित ऊब तेवढीच असेल. आबांचं बोट हिरव्या बटणापासून वीतभर होतं, तरी मी हिशेब करत होते. अडतीस वर्षांची घोडी.

मग माझ्या तोंडातून आवाज निघाला, तो माहेरचा. "आबा, दाबू नका! पोट भरेल आहे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेठाणी हळूच म्हणाल्या, "उपास नाही का तुझा?"

"माझं नाही वहिनी, चक्कीचं! मी रिकामं नाही केलं. फोनवर खोटं बोलले. आणि वरचं दारही बांधलंय. तारेनं."

आबांनी बोट मागे घेतलं. चिडले नाहीत. सहा पावलं मागे येऊन चक्कीला पालथा हात लावला आणि लगेच काढला. मग तबकाशी गेले आणि तांब्या पालथा करून कापरावर असा ठेवला, जसा आपण विंचवावर वाडगा ठेवतो. वातीही बोटांनी चिमटून विझवल्या. तेव्हा बोलले, अगदी हळू आवाजात:

"बठ्ठा बाहेर चाला. पयू नका. पाय घासू नका. हयूहयू."

कारण जमिनीवर माझी कोरडी, लखलखीत सफाई पसरली होती, आणि पळापळ झाली तर ती उठणार. आम्ही मिरवणुकीसारखे ओळीनं बाहेर निघालो. फक्त जावईबापू पळाले, माझ्या मोरावरून.

आबांनी बाहेरून मेन स्विच पाडला. आगीचा बंब बोलावला, पण दारात आडवे उभे राहिले. बंबवाले पाइप घेऊन आत निघाले होते. आबा म्हणाले, जोराच्या पाण्यानं भुकटी उडेल, आणि चक्कीचं झाकण उघडलं तर तिला हवा मिळेल, म्हणजे तिला हवं तेच देऊ. बंबवाल्यांच्या साहेबांनी मान डोलावली आणि पाइप खाली ठेवला. मग ओल्या गोणपाटांनी, तीच जी मी अंथरली नव्हती, चक्कीची सगळी तोंडं हलकेच कोंडली, आणि आग गुदमरवणाऱ्या वायूच्या टाक्या अशा वेळेसाठी बाहेर ठेवलेल्या असत, त्यांची नळी खालून जोडली. आग विझवायची नाही, उपाशी ठेवायची, असं ते म्हणाले.

मी म्हटलं, "आबा, मी वर चढून तार सोडते."

"तू बस खाले," एवढंच बोलले.

बाहेर लिंबाखाली सगळे बसलो. पेढे तसेच. शेठ कुरकुरत होते. म्हणाले, "कोळसाच तर आहे हो. घरी शेगडी पेटवायची तर अर्धा तास फुंकावी लागते. एवढा बाऊ कशाला?" आणि मी, जिनं हे सगळं केलं होतं ती मी, त्यांच्या सुरात सूर मिळवून म्हणाले, "हो ना, कोळसा असा पटकन कुठे पेटतो?" जीभ काही केल्या मुकादमी सोडायला तयार नव्हती.

आबांनी एक पणती मागवली. लिंबापासून लांब, मोकळ्या जागेत विटेवर ठेवून पेटवली. कागदावर चिमूटभर भुकटी घेतली, चुलीत पीठ सांडतं तेवढीच, आणि कागद माझ्या हातात दिला. "फुक मार. पन हातभर लांबथीन. आनि हलकीशी."

आता मला सांगा, मी कधी हातभर लांबून काही केलंय? शेठ बघतायत, जावई बघतायत, म्हणून मी वाकले आणि शेगडीला मारतात तशी छातीभरून फुंकर मारली.

भक्क.

एवढाच आवाज. पिवळा गोळा आला आणि गेला, टाळी वाजवायच्या आत. केस जळाल्याचा वास आला. यावलच्या अक्कानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "डावीकडची गेली वं तुझी."

शेठनी कागदावरची उरलेली भुकटी पाहिली, मग मान वळवून आमची शेड पाहिली, तिच्यात किती चिमटी असतील ते.

संध्याकाळी घरी गेले. सासूनं दारात विचारलं, "कोण ते?" मग निरखून, "अर्धीच आली का आज?"

चक्की चार दिवस कोंडून ठेवली. आबा सकाळ-संध्याकाळ पालथा हात लावून यायचे आणि माझ्याशी बोलायचे नाहीत. चार दिवस. भांडले असते तर बरं झालं असतं. मी भांडणात कधी हरत नाही. पाचव्या दिवशी ती हाताला पूर्ण गार लागली तेव्हा उघडली. आत राखेत गुंडाळलेला एक गोळा होता, नारळाएवढा. आबांनी तो फावड्यानं बाहेर आणून ओल्या मातीत फोडला. मधे इतकासा, हरभऱ्याएवढा, लाल डोळा अजून जागा होता. मातीतल्या पाण्यात पडला तेव्हा चर्रर्र झालं, आणि तेव्हा कुठे मी दोन पावलं मागे सरले. चार दिवस उशिरानं.

मग शिडी लावून मला वर पाठवलं. तार मीच सोडली. पीळ इतका घट्ट होता की पक्कड लागली. खाली आबा उभे होते. ती तार त्यांनी घेतली, गोल गुंडाळली आणि पोती भरायच्या जागेवर, माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला टांगली. "हाऊ तुना दागिना," म्हणाले. पाच दिवसांनी पहिलं वाक्य.

दिवाळीला खुर्ची यावलच्या अक्काला मिळाली. तिनं पहिल्याच दिवशी मला बोलावून म्हटलं, "बस ना वं थोडी," आणि मी बसले नाही, कारण मला फार बसावंसं वाटत होतं. पुढे तिचे गुडघे गेले, ती गावी गेली, तेव्हा ती खुर्ची माझ्याकडे आली. पाय तसाच फुटका. खिळ्यावरची तार काढून मी तो बांधला नाही. ती तिथेच राहू दिली आणि खुर्चीला सुतळी बांधली. मुकादम झाल्यावर मी झाडूवालीला पहिली गोष्ट शिकवली ती ही: कैच्यांवरची भुकटी ओल्या फडक्यानं, रोज, थर बसायच्या आधी. फुंकायचं नाही. फुंकून काय होतं हे विचारलं तर मी नुसती भुवई दाखवायचे.

भुवई उडाली त्याच्या पुढच्याच वर्षी पूजेचा प्रश्न आला. शेठाणी म्हणाल्या, देवाला बाहेर कसं बसवायचं? मी म्हटलं, वहिनी, बाहेर बसल्यानं देवाला काय सर्दी होतेय? चक्कीच्या पोटात खडे फोडणारा एक झिजलेला हातोडा आम्ही लिंबाखाली पाटावर ठेवला, त्याला झेंडूची माळ, हळद-कुंकू, आणि तिथेच आरती, उघड्यावर. हातोड्याला हळद लावताना मी आधी पालथा हात लावून पाहिला. गार होता. देवी आली नव्हती, ते बरंच झालं.

आबा आता नाहीत. कारखाना शेठचा मुलगा चालवतो. चक्की नवी आहे, तिला ताप आला की भोंगा वाजतो, पालथ्या हाताची गरज नाही म्हणतात. यंदाच्या खंडेनवमीला मला नारळ फोडायला बोलावलं होतं. नात सोबत आली. मी आत गेल्या गेल्या वर पाहिलं. पेटीच्या माथ्यावरचा पत्रा वाऱ्यानं खडखडत होता. इतकं गोड वाजत होतं ते की मी उभी राहून ऐकलं.

मागून गेटवर शेठकडच्या नव्या सुनेनं तबक पुढे केलं तर वॉचमननं, हा तिशीतला, आबांना कधी न पाहिलेला, तबकातली काडेपेटी उचलली आणि पत्र्याच्या डब्यात टाकली. तिनं विचारलं, "अहो, देवाची आहे ती."

"त्याचीपण इथंच ऱ्हाते ताई," तो म्हणाला. "बाहेर लिंबाखाली लागंल तेव्हा मी आणून देतो."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. मग पर्समधली भुवईची पेन्सिल काढली, थोडा विचार केला, आणि परत आत ठेवून दिली.